डॉक्टर आहे, औषध आहे. मग माणूस पोहोचत का नाही?

एप्रिल २०२५च्या अखेरीस अमेरिकेच्या शिक्षण खात्याने एक निर्णय जाहीर केला. शाळांमधल्या मानसिक आरोग्यासाठी दिलेली सुमारे १ अब्ज डॉलरची अनुदानं पुढे चालू ठेवायची नाहीत, असं ठरलं. हा पैसा २०२२च्या एका कायद्यातून आला होता. टेक्सासमधल्या उवाल्डी इथल्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर दोन्ही पक्षांनी मिळून तो कायदा केला होता. शाळांना समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्य शिकलेली माणसं मिळावीत, हा त्याचा हेतू. तेव्हा नुकत्याच आलेल्या ट्रम्प सरकारचं म्हणणं असं की यातल्या काही प्रकल्पांत माणसं निवडताना वंशाला महत्त्व दिलं जातं आणि ते आमच्या धोरणात बसत नाही. त्याच वर्षी आरोग्य संशोधनाच्या अनेक अनुदानांवरही कुऱ्हाड चालली आणि प्रकरणं कोर्टात गेली.

या बातम्यांत एक शब्दप्रयोग सारखा भेटतो: मानसिक आरोग्यातली समता. त्याच्या आगेमागे बऱ्याचदा समाजकार्याच्या एखाद्या प्राध्यापकाचं नाव असतं. वाचणाऱ्याला दोन प्रश्न पडतात आणि दोन्ही रास्त आहेत. आजार मनाचा, उपचार डॉक्टरांचे. त्यात समता कुठून आली? आणि समाजकार्य शिकवणारा माणूस या विषयात अख्खी कारकीर्द घालवतो म्हणजे नेमकं काय करतो?

प्रत्येक फरक म्हणजे अन्याय नव्हे

तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांना स्मृतिभ्रंश जास्त होतो. हा फरक आहे, पण यात कुणी कुणावर अन्याय केलेला नाही. मार्गारेट व्हाइटहेड या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९९०च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिताना याची एक साधी कसोटी दिली, ती आजही वापरली जाते. जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्याजोगा आहे आणि अन्याय्य आहे, त्याला विषमता म्हणायचं. दोन माणसांना सारख्याच तीव्रतेचं नैराश्य आहे. एकाला महिन्याभरात उपचार मिळतात, दुसरा वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतो, आणि हे कुणाच्या बाबतीत होणार ते त्याच्या पत्त्यावरून किंवा रंगावरून आधीच सांगता येतं. ही विषमता. ती कमी करत नेणं म्हणजे समता.

इथे 'सगळ्यांना सारखी सेवा' हे उत्तर का पुरत नाही, ते कालव्यावरून कळेल. पाणी सोडलं, पाळी सगळ्यांची सारखी लावली. कागदावर कुणाची तक्रार नाही. पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतात किती पाणी पोहोचलं, हे धरणाच्या दारावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी टेलला जावं लागतं. मानसिक आरोग्याच्या बाबतीत हे मोजमाप झालं तेव्हा आकडे असे निघाले: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत मनोविकृतीच्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या गंभीर आजारांच्या, ७० टक्के रुग्णांना उपचार मिळतात, गरीब देशांत १२ टक्क्यांना. नैराश्यावर किमान पुरेसे म्हणता येतील असे उपचार श्रीमंत देशांतही २३ टक्क्यांनाच मिळतात. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३ टक्क्यांना. म्हणजे दरी देशादेशांत आहे आणि श्रीमंत देशांच्या पोटातही आहे.

गरिबीमुळे आजार, की आजारामुळे गरिबी?

या विषयातला हा सर्वांत जुना वाद. १९३९ मध्ये फॅरिस आणि डनहॅम या दोन समाजशास्त्रज्ञांनी शिकागो शहराचा नकाशा घेऊन मनोरुग्णालयांत दाखल झालेल्यांचे पत्ते त्यावर मांडले. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भ्रम आणि भास होणाऱ्या गंभीर मनोविकाराचे, रुग्ण शहराच्या मधल्या, पडक्या आणि गरीब भागांत दाटीने दिसले. बाहेरच्या सुस्थितीतल्या वस्त्यांकडे जावं तसं प्रमाण उतरत गेलं. निष्कर्ष सरळ वाटला: अशा वस्तीत राहणं माणसाला आजारी पाडतं.

पण शंका घेणारे होतेच. ते म्हणाले, तुम्ही उलटं वाचताय. आजारामुळे नोकरी जाते, घर सुटतं, माणूस स्वस्त खोली शोधत त्या वस्तीत येऊन पडतो. वस्तीने आजार दिला नाही, आजाराने वस्ती दिली. आक्षेप बिनतोड होता आणि नुसत्या नकाशाने त्याचा निकाल लागणं शक्य नव्हतं.

ब्रूस डोरेनवेंड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इस्रायलमधल्या अभ्यासातून एक युक्ती काढली. तिथे युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांना समाजात वर चढणं तुलनेने सोपं होतं, उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांना कठीण. आता एकाच खालच्या आर्थिक पायरीवर उभे असलेले दोन्ही गट बघा. आजारच माणसाला खाली ओढत असेल, तर वर चढायला मोकळीक असूनही खाली राहिलेल्या युरोपीय गटात आजारी जास्त निघतील. परिस्थितीच आजार देत असेल, तर ज्यांच्या वाट्याला गरिबीबरोबर भेदभावही आला त्या गटात जास्त निघतील. निकाल दोन्ही बाजूंना थोडा अवघड जाणारा होता. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत घसरणीचं स्पष्टीकरण जास्त जुळलं. स्त्रियांमधलं नैराश्य आणि पुरुषांमधली व्यसनं यांत परिस्थितीचा हात स्पष्ट दिसला.

यापेक्षाही बोलका पुरावा योगायोगाने हाती आला. १९९३ मध्ये जेन कॉस्टेलो यांनी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची दरवर्षी पाहणी सुरू केली. त्यातली साधारण चौथाई मुलं चेरोकी या आदिवासी समाजातली. पाहणी सुरू असतानाच चेरोकींच्या राखीव भूमीवर कसिनो, म्हणजे जुगाराचा अड्डा, कायदेशीरपणे उघडला आणि करारानुसार नफ्याचा हिस्सा जमातीच्या प्रत्येक माणसाला मिळू लागला. कुणी अर्ज केला नव्हता, कुणाची निवड झाली नव्हती, मेहनती-आळशी असा भेद नव्हता. पैसा सगळ्यांच्या हातात पडला, आणि कॉस्टेलो यांच्या वह्यांत त्याआधीच्या वर्षांची नोंद तयार होती.

चेरोकी कुटुंबांपैकी १४ टक्के या पैशाने दारिद्र्यरेषेच्या वर आली. त्यांच्या मुलांमधली भांडखोरपणा, चोरी, उद्धटपणा अशी वर्तनाची लक्षणं उतरत गेली आणि चार वर्षांत, कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आली. कारण शोधलं तेव्हा एक गोष्ट ठळक निघाली: आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला आता वेळ मिळत होता. याच पाहणीत चिंता आणि नैराश्याची लक्षणं मात्र फारशी हलली नाहीत. 'पैसे द्या, मनं बरी होतील' असं म्हणणाऱ्यांनी हा दुसरा अर्धा भाग गिळू नये. पण पैशाचा मनाशी संबंधच नाही, असं म्हणणाऱ्यांना यानंतर फारसं तोंड राहत नाही.

दारापर्यंत आलेल्यांचं काय होतं?

समजा माणूस उपचाराच्या दारापर्यंत आला. आत सगळ्यांना सारखंच मिळतं का?

हॉलिंग्जहेड आणि रेडलिक यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या मनोरुग्णांची वर्गवार पाहणी केली, ती १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. वरच्या वर्गातल्या रुग्णांशी डॉक्टर तासन्‌तास बोलत होते. खालच्या वर्गातल्यांच्या वाट्याला विजेचे झटके किंवा नुसतं रुग्णालयात पडून राहणं येत होतं. हे जुनं झालं म्हणावं, तर २०१६चा एक अभ्यास बघा. हेदर कुगेलमास यांनी न्यूयॉर्कमधल्या ३२० मानसोपचारकांना फोनवर निरोप ठेवले. मजकूर एकच: अमुक त्रास आहे, संध्याकाळची वेळ हवी आहे. बदलत होती ती फोन करणाऱ्याची नावं आणि बोलण्याची ढब. मध्यमवर्गीय गोऱ्या वाटणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना वेळ देऊ केली गेली, मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांपैकी १७ टक्क्यांना. कामगार वर्गातल्या बोलीत बोलणाऱ्यांना, रंग कोणताही असो, ८ टक्के. या उपचारकांपैकी किती जणांना आपण भेदभाव करतोय याची जाणीव असेल, मला शंका आहे.

आणखी एक वळण निदानाचं. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत दिसतं की सारखीच लक्षणं असताना कृष्णवर्णीय रुग्णाच्या केसपेपरवर स्किझोफ्रेनिया लिहिला जाण्याची शक्यता जास्त असते. त्याच्या मनातली उदासी नजरेतून निसटते. इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीयांना मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने रुग्णालयात ठेवण्याचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत गोऱ्यांच्या साधारण साडेतीन ते साडेचार पट राहिलं आहे. म्हणजे काहींना मदत उशिरा मिळते, आणि मिळते तेव्हा पोलिसांच्या गाडीतून.

यात समाजकार्याचं काय काम?

समाजकार्य म्हणजे वर्गणी गोळा करून धान्य वाटणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. इथे बोलतोय ते एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, घेतलेल्या, व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्यांबद्दल. १९१३च्या सुमारास बोस्टनच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ अर्नेस्ट साउदर्ड आणि तिथल्या समाजसेवा विभागाच्या मेरी जॅरेट यांनी मनोविकार समाजकार्य ही शाखा उभी केली. १९१८ मध्ये, युद्धातून हादरून परतणाऱ्या सैनिकांसाठी, स्मिथ कॉलेजात तिचं शिक्षण सुरू झालं. आज अमेरिकेत मानसिक आरोग्याची सेवा देणाऱ्यांत सर्वांत मोठा गट याच लोकांचा आहे. या शाखेची सवय अशी की रुग्णाकडे बघताना त्याचं घर, नोकरी, शेजार, कर्ज हे सगळं सोबत बघायचं. डॉक्टर विचारतो, याला काय झालंय? समाजकार्यवाला त्याच्या जोडीला विचारतो, मागच्या तारखेला हा का आला नाही?

हा दुसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यावर कारकिर्दी उभ्या राहिल्या आहेत. मेरी मॅके यांचं उदाहरण घ्या. शहरातल्या गरीब वस्त्यांमधली कुटुंबं मुलासाठी मानसोपचाराची वेळ घेतात आणि पहिल्याच भेटीला येत नाहीत, हे त्या बघत होत्या. दवाखान्यांचं ठरलेलं उत्तर होतं: आईवडिलांना गांभीर्य नाही. मॅके यांनी १९९०च्या दशकात पहिल्या फोनवरच लक्ष केंद्रित केलं. एरवी त्या फोनवर काय होतं? नाव, जन्मतारीख, विमा आणि तारीख. त्यांनी शिकवलेल्या पद्धतीत समोरची व्यक्ती आईला विचारते: शाळा काय म्हणते ते राहू द्या, तुम्हाला मुलाबद्दल कशाची काळजी वाटते? याआधी अशा ठिकाणी गेला होतात का, तिथे कसा अनुभव आला? तुम्ही इथे याल तेव्हा धाकट्याला कोण बघेल? कामावरून सुटून बस मिळेल का? मग फोन ठेवण्याआधी यातल्या एखाद्या अडचणीवर दोघी मिळून तोडगा काढतात. एवढ्या बदलाने पहिल्या भेटीला येणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढलं. गांभीर्य आईवडिलांना होतंच. कमी पडत होता तो फोन.

सरासरीच्या आड

मॅके पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मॅकसिल्व्हर या गरिबीविषयक संशोधन संस्थेच्या पहिल्या संचालक झाल्या. त्यांच्यानंतर ती धुरा मायकल लिंडसी यांच्याकडे आली. पुढे ते त्याच विद्यापीठाच्या समाजकार्य विद्यालयाचे अधिष्ठाता झाले. कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य हा त्यांचा विषय.

अमेरिकेत बराच काळ असा समज होता की आत्महत्या ही प्रामुख्याने गोऱ्यांची समस्या आहे. लिंडसी आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २०१७ या काळातल्या, माध्यमिक शाळांच्या सुमारे २ लाख विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा अभ्यास केला. सगळी मुलं एकत्र धरली तर आत्महत्येचे विचार आणि बेत घटताना दिसत होते. अहवाल लिहिणाऱ्याने समाधानाने फाईल मिटावी असं चित्र. वंशानुसार आकडे वेगळे काढले तेव्हा कळलं की गोऱ्या मुलांमध्ये प्रत्यक्ष प्रयत्नांचं प्रमाण ७.५ टक्क्यांनी घटलं होतं, आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये ७३ टक्क्यांनी वाढलं होतं. यातला वैद्यकीय पेच असा, की 'मनात तसे विचार येतात का?' या नेहमीच्या प्रश्नावर विसंबून राहिलो तर धोक्यातली काही मुलं हातून सुटतात.

प्राध्यापकाचं काम इथे संपत नाही, आणि मला वाटतं हा भाग बाहेरच्यांना सर्वांत कमी दिसतो. अमेरिकी संसदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी या प्रश्नावर कृती दल नेमलं, त्याच्या तज्ज्ञ गटाचं नेतृत्व लिंडसी यांनी केलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल आला. त्यातून निघालेलं विधेयक मे २०२१ मध्ये प्रतिनिधी सभेत मंजूर झालं. सिनेटमधून मात्र ते स्वतंत्र कायदा होऊन बाहेर आलं नाही.

मग वंश, जात, वर्ग हे सगळं मोजणं म्हणजे फूट पाडणं नाही का?

हा आक्षेप प्रामाणिकपणे घेणारेही आहेत, त्यामुळे तो झटकून चालणार नाही. माणसाला आधी त्याच्या गटाचा प्रतिनिधी मानलं की त्याचं स्वतःचं दुखणं मागे पडतं, ही भीती खोटी नाही. उपचारांच्या खोलीत ती पाळलीच पाहिजे. पण हिशेबाची वही वेगळी. वरची ७३ टक्क्यांची वाढ वेगळी न मोजता कशी सापडली असती, याचं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

गरिबांना आजीबाई आणि श्रीमंतांना डॉक्टर?

झिम्बाब्वेत सव्वा कोटीहून जास्त लोकांमागे जेमतेम डझनभर मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांतले एक, डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारे शहरातल्या वयस्कर आरोग्यसेविकांना समस्या सोडवण्याची एक ठरीव उपचारपद्धती शिकवली. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक. त्यावर आजी आणि रुग्ण शेजारी शेजारी बसतात. आजी उपदेश करत नाही. सगळ्या अडचणी सांगायला लावते, त्यातली एक निवडायला लावते, आणि पुढच्या भेटीपर्यंत करता येईल असं एक छोटं पाऊल रुग्णाकडूनच ठरवून घेते. साधारण सहा भेटी. नंतर एक गट असतो. त्यात बायका जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणत एकमेकींशी बोलतात. ५७३ जणांवरची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ५० टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांमध्ये.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अशीच स्थानिक समुपदेशक नेमून केलेली चाचणी २०१०ची. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी बरे झालेले ६६ टक्क्यांच्या आसपास, नुसत्या नेहमीच्या सेवेत ४३च्या आसपास. खासगी दवाखान्यांत फरक पडला नाही. तोही त्यांनी तसाच छापला.

आक्षेप येतो तो असा: ही तर दुय्यम दर्जाची सेवा झाली. आजीच्या बाकाच्या वर काहीच नसेल, म्हणजे भ्रम होणाऱ्या किंवा जीव द्यायला निघालेल्या माणसाला पुढे पाठवायला जागाच नसेल, तर आक्षेप पूर्ण खरा आहे. स्किझोफ्रेनिया गप्पांनी बरा होत नाही. पण न्यू हेवनची पाहणी आठवा. बोलून होणारे उपचार श्रीमंतांना आणि झटके गरिबांना, अशी ती वाटणी होती. बाकावर गरिबाला जे मिळतंय ते, त्याला आजवर नाकारलं गेलेलं बोलणं आहे.

एवढी वर्षं का लागतात?

'डॉक्टर वाढवा, एखादं ॲप काढा, झालं' हे ऐकायला बरं वाटतं. डॉक्टर वाढले की ते शहराच्या त्याच भागात दवाखाना टाकतात जिथे आधीचे आहेत. ॲप चांगलं असू शकतं, पण ज्याच्या घरात एकच फोन चार जणांत फिरतो त्याने मनातलं त्यात कधी लिहायचं?

खरी गोची चाचणी यशस्वी झाल्यावर सुरू होते. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या समाजकार्याच्या प्राध्यापक एनोला प्रॉक्टर यांनी यातच हयात घालवली. २०११ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आठ कसोट्या मांडल्या. उपचार बरा की वाईट, हे त्यांत नाहीच. तो सिद्ध झालेला आहे असं धरून पुढचं विचारलं आहे. लोकांना तो पटतो का? कर्मचारी तो शिकवल्याप्रमाणे देतात, की तीन महिन्यांत आपल्या सोयीने कापतात? खर्च किती? ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत गेला? यादीतली शेवटची कसोटी टिकण्याची: संशोधनाचं अनुदान संपेल त्या महिन्यापासून समुपदेशकांवर देखरेख ठेवणाऱ्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार? कितीतरी चांगले प्रकल्प या प्रश्नापाशी बंद पडतात. हरारेच्या आज्यांच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची होती. त्या महापालिकेच्या आरोग्य खात्यात आधीपासूनच कामाला होत्या.